मडी वॉटर्स आणि त्याचे मानसपुत्र

गुरूचें ऋण शिष्यानें फेडावें, हा संकेत बहुतेक सर्व समाजांत आढळतो. परंतु ज्या समाजानें गुरूच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या दास्यांत आणि दारिद्र्यांत ठेविलें, त्याच समाजांतून शिष्य पुढें आला, तर त्या ऋणाचा हिशेब कसा करावयाचा? अमेरिकेंतील शिकागो शहरीं १९६९ च्या एप्रिल महिन्यांत हा प्रश्न चार दिवस संगीताच्या रूपानें उभा राहिला होता. मडी वॉटर्स हा छपन्न वर्षांचा कृष्णवर्णीय गायक आणि गिटारवादक मध्यें बसलेला, व त्याच्या भोंवतीं त्याच्या मुलांच्या वयाचे गोरे आणि काळे वादक, असा तो मेळा होता. त्यांतून ‘फादर्स अँड सन्स’, म्हणजे ‘पिते आणि पुत्र’, या नांवाचा दोन तबकड्यांचा संच निघाला. त्या संचाची हकीकत नीट समजावयाची तर मिसिसिपी नदीच्या कांठच्या कापसाच्या मळ्यांपर्यंत मागें जावें लागतें.

मडीचें खरें नांव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. त्याचा जन्म एप्रिल १९१३ मध्यें झाला असें कागदपत्रांवरून दिसतें. तो स्वतः मात्र पुढें १९१५ हें साल सांगत असे. आई लहानपणींच वारली आणि आजीनें त्याला वाढविलें. चिखलपाण्यांत खेळण्याची त्याला भारी हौस, म्हणून आजी त्याला ‘मडी’, म्हणजे चिखलानें माखलेला, अशी हांक मारीत असे. ‘वॉटर्स’ हें पद मागाहून त्याला चिकटलें. क्लार्क्सडेल गांवाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यांत हें कुटुंब वाटेकरी म्हणून राहत होतें. मळेवाल्यानें जमीन, खोपटें, बियाणें आणि उधारीचा शिधा द्यावयाचा; कुळानें वर्षभर राबून कापूस पिकवावयाचा; आणि हंगामाच्या शेवटीं मळेवाल्याच्याच वहींत हिशेब पाहावयाचा, अशी ती पद्धति होती. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें नष्ट झाली होती खरी. पण त्या वहींत कुळाच्या नांवें शिल्लक क्वचितच निघे.

याच मळ्यांतून ब्लूज नांवाचें गाणें वाढलें. त्याचा सांगाडा अगदीं साधा आहे. बहुधा बारा मात्राखंडांचें एक आवर्तन. त्यांत पहिली ओळ एकदां म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिचा उलगडा करावयाचा. प्रत्येक ओळीनंतर गायक थांबतो आणि वाद्य त्याला उत्तर देतें. या गाण्याचा प्राण त्याच्या स्वरांत आहे. आपल्याकडील परिभाषेंत सांगावयाचें तर कोमल आणि शुद्ध गांधार यांच्या मधल्या जागेंत हा गायक रेंगाळतो. पाश्चात्त्य पियानोच्या पट्ट्यांत ती जागा मुळींच नाहीं. ती गिटारवर काढण्यासाठीं हे लोक फुटक्या बाटलीच्या मानेचा घासलेला तुकडा बोटांत घालून तारेवर सरकवीत, आणि त्यांतून आपल्या मींडेसारखा लांब ओढलेला स्वर उमटे. मडी प्रथम माउथ ऑर्गन वाजवी. सतराव्या वर्षीं त्यानें अडीच डॉलर देऊन गिटार घेतली, आणि त्या भागांतील सन हाउस या थोर वादकाचें वादन ऐकून ऐकून तो ही विद्या शिकला.

ऑगस्ट १९४१ मध्यें स्टोव्हॉल मळ्यांत दोन पाहुणे आले. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयासाठीं लोकगीतें जमविणारा ॲलन लोमॅक्स हा एक, आणि फिस्क विद्यापीठांतील कृष्णवर्णीय संगीतज्ञ जॉन वर्क हे दुसरे. त्यांच्या मोटारींत ध्वनिमुद्रणाचें यंत्र होतें. मडीचीं गाणीं त्यांनीं मुद्रित केलीं आणि तेथल्या तेथें त्याला ऐकविलीं. स्वतःचा आवाज तबकडींतून ऐकण्याचा त्याचा हा पहिलाच प्रसंग. आपलें गाणें इतरांच्या तबकड्यांहून उणें नाहीं, ही जाणीव त्याला त्या दिवशीं झाली, असें तो पुढें अनेकदां सांगे. कांहीं काळानें लोमॅक्सनें त्याला त्या तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलरचा धनादेश पाठविला. गाण्याबद्दल योग्य मोबदला हातीं येण्याचा असा प्रसंग त्याच्या आयुष्यांत फार वेळां आला नाहीं.

१९४३ सालीं त्यानें मळा सोडला. तो तेथें ट्रॅक्टर चालवी आणि त्याला तासाला साडेबावीस सेंट मजुरी मिळे. ती पंचवीस सेंट करण्यास मुकादमानें नकार दिला, तेव्हां तो आगगाडींत बसून शिकागोस निघाला. त्याच्यासारखे लक्षावधि लोक त्या काळांत दक्षिणेंतून उत्तरेकडे जात होते. शिकागोंतील कृष्णवर्णीयांची संख्या १९४० सालीं सुमारें २ लक्ष ७८ हजार होती. १९५० सालीं ती सुमारें ४ लक्ष ९२ हजार झाली. ऑक्टोबर १९४४ मध्यें क्लार्क्सडेलजवळच्याच हॉप्सन मळ्यांत कापूस वेंचणाऱ्या यंत्रांचा जाहीर प्रयोग झाला. तीं यंत्रें इंटरनॅशनल हार्वेस्टर या शिकागोच्या कंपनीचीं होतीं. ज्या शहराच्या कारखान्यांत मजूर कामाला जात होते, त्याच शहराचें यंत्र त्यांचें गांवाकडील काम संपवीत होतें. परतण्याची वाट अशा रीतीनें हळूहळू बंद झाली.

शिकागोंत मडी दिवसा कागदाच्या कारखान्यांत काम करी, मालमोटार चालवी, आणि रात्रीं घरगुती मेजवान्यांत व मद्यगृहांत गाई. खेड्यांतील शांत रात्रीं साधी गिटार दूरवर ऐकूं जाई. शहरांतील गुत्त्याच्या गोंगाटांत तिचा मागमूसहि लागेना. म्हणून १९४४ च्या सुमारास त्यानें विजेची गिटार हातीं घेतली. प्रथम ही केवळ मोठ्यानें ऐकूं यावें म्हणून केलेली तडजोड होती. परंतु विजेनें नुसता आवाज वाढला नाहीं, वाद्याचा स्वभावच बदलला. स्वर अधिक काळ टिकूं लागला, तारेवरून सरकणारी मींड मनुष्याच्या आक्रोशासारखी धारदार झाली, आणि चारपांच वादकांचा मेळा एकत्र उभा राहूं शकला. लिटल वॉल्टर नांवाचा तरुण माउथ ऑर्गन आणि मायक्रोफोन एकाच ओंजळींत धरून वाजवी; जिमी रॉजर्स दुसरी गिटार धरी; आणि कांहीं वर्षांनीं ओटिस स्पॅन हा पियानोवादक त्यांना येऊन मिळाला. पुढें जगभर ज्याला शिकागोचें ब्लूज म्हणूं लागले, तें या मेळ्यानें घडविलें.

या गाण्याला बाजार मिळवून दिला तो लेनर्ड आणि फिल चेस या बंधूंनीं. हे यहुदी बंधु पोलंडमधून लहानपणीं १९२८ सालीं अमेरिकेंत आलेले. लेनर्ड हा कृष्णवर्णीयांच्या वस्तींत मद्यगृह चालवी. तेथून तो तबकड्यांच्या धंद्यांत शिरला. १९४८ सालीं मडीची ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ ही तबकडी निघाली आणि पहिली खेप एक-दोन दिवसांतच संपली. १९५० सालीं कंपनीला चेस हें नांव मिळालें. त्याच वर्षीं मडीनें ‘रोलिन् स्टोन’ हें गाणें दिलें. बारा वर्षांनीं लंडनच्या कांहीं तरुणांनीं आपल्या मेळ्याचें ‘रोलिंग स्टोन्स’ हें नांव त्यावरूनच घेतलें. चेसच्या घरीं व्यवहार घरोब्याचा असे. वादकाला नवी मोटार हवी असली तर ती मिळे, अडचणींत उचल मिळे; पण कोणत्या गाण्यापोटीं किती रक्कम जमा झाली, हें सहसा वादकाच्या ध्यानांत येत नसे. मळ्यांतील वहीशीं परिचय असलेल्या माणसाला ही रीत फारशी अपरिचित वाटली नसावी.

१९५५ नंतर वारें फिरलें. त्या वर्षीं चक बेरी नांवाचा तरुण शिकागोंत आला, तेव्हां मडीनेंच त्याला लेनर्ड चेसकडे पाठविलें. आणि त्या तरुणाच्या नव्या ढंगाच्या गाण्यानें मडीच्या तबकड्या मागें पडल्या. कृष्णवर्णीय तरुणांना जुनें ब्लूज नकोसें होऊं लागलें. त्यांत मळ्याची, मुकादमाची आणि आजोबांच्या दैन्याची आठवण होती; नागरिकत्वाच्या हक्कासाठीं लढणाऱ्या पिढीला ती नको होती, यांत नवल नाहीं. उलट दूरदेशीं त्याची चाहूल लागूं लागली. १९५८ सालीं मडी आणि ओटिस स्पॅन इंग्लंडांत गेले, तेव्हां साध्या गिटारवरील ब्लूज ऐकण्याची संवय असलेल्या श्रोत्यांपैकीं कित्येकांना त्याच्या विजेच्या गिटारचा कर्कशपणा सोसला नाहीं. परंतु कांहीं तरुण कान टवकारून बसले. १९६० सालीं न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवांत त्याचें गाणें झालें आणि श्वेतवर्णीय श्रोत्यांचें दार त्याला उघडलें.

शिकागोंतच दोन गोरीं मुलें याहून अगोदर त्या दारांतून आंत शिरलीं होतीं, तीं मात्र उलट दिशेनें. पॉल बटरफील्ड हा १९४२ चा आणि माइक ब्लूमफील्ड हा १९४३ चा. पहिला विद्यापीठाच्या परिसरांत वाढलेला. दुसऱ्याच्या वडिलांचा उपाहारगृहांना सामान पुरविण्याचा भरभराटीचा धंदा होता. दोघेहि शहराच्या दक्षिण भागांत, जेथें सहसा गोरा मनुष्य रात्रीं पाऊल टाकीत नसे, तेथें मडीचें गाणें ऐकावयास जात. मडीनें त्यांना हांकून दिलें नाहीं. त्यानें त्यांना रंगमंचावर बोलावून आपल्या मेळ्याबरोबर वाजवूं दिलें. आपल्या लोकांपासून ज्यांनीं सर्व कांहीं घेतलें त्यांच्या मुलांना हीहि विद्या कां द्यावी, असा प्रश्न त्याला विचारतां आला असता. त्यानें तो विचारला नाहीं. पुढें बटरफील्डनें काळ्या आणि गोऱ्या वादकांचा संमिश्र मेळा उभारला. त्यांतील ढोलवादक सॅम ले हा कृष्णवर्णीय असून हाउलिन् वुल्फ या दुसऱ्या थोर गायकाच्या मेळ्यांतून आलेला होता. १९६५ सालीं या मेळ्याची पहिली तबकडी निघाली आणि गोऱ्या अमेरिकेला आपल्याच दाराशीं असलेल्या या संगीताचा पत्ता लागला.

मग १९६८ साल उजाडलें. फेब्रुवारींत लिटल वॉल्टर वारला. त्याला चाळीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. ४ एप्रिल रोजीं मेम्फिस येथें मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि शिकागोच्या पश्चिम भागांत आगी भडकल्या. त्याच वर्षीं लेनर्डचा मुलगा मार्शल चेस यानें मडीला तरुणांच्या नव्या रुचीचा पोशाख चढवून ‘इलेक्ट्रिक मड’ ही तबकडी काढली. तींत गिटारचे आवाज इतके विकृत करून घातले होते कीं, मडीला तीं गाणीं स्वतःच्या मेळ्याबरोबर रंगमंचावर वाजवितां येईनात. जें आपल्याला लोकांसमोर गातां येत नाहीं तें आपलें कसें म्हणावें, अशी त्याची तक्रार होती. तबकडी खपली, पण तिचा त्याला पुढें तिटकाराच आला.

या पार्श्वभूमीवर ब्लूमफील्डनें सुचविलें कीं, मडीला नव्या वेषांत उभें करण्यापेक्षां नव्या मुलांनींच मडीकडे जावें, त्याचीं जुनीं गाणीं जुन्या पद्धतीनें वाजवावींत. विद्यार्थिदशेंत शिकागो विद्यापीठांत असतां ब्लूजचें ध्वनिमुद्रण करणारा नॉर्मन डेरन याच्याकडे निर्मात्याचें काम आलें. २१ एप्रिल १९६९ पासून तीन दिवस चेस कंपनीच्या स्टुडिओंत काम चाललें. गाण्यास मडी, पियानोवर ओटिस स्पॅन, माउथ ऑर्गनवर बटरफील्ड, गिटारवर ब्लूमफील्ड, ढोलांवर सॅम ले, आणि खर्जाच्या गिटारवर मेम्फिसहून आलेला डोनाल्ड ‘डक’ डन. हा डन गोरा असून, वर्णभेद कडक असलेल्या मेम्फिस शहरांत काळ्या-गोऱ्या वादकांच्या संयुक्त मेळ्यांत कित्येक वर्षें वाजवीत आलेला होता. गाणीं बहुतेक मडीच्या भर बहराच्या काळांतलीं निवडलीं होतीं.

या तबकडींतील खरी परीक्षा पाहुण्यांची होती. ब्लूमफील्ड त्या वेळीं अमेरिकेंतील अग्रगण्य तरुण गिटारवादकांत गणला जाई. त्याच्या झंझावाती ताना ऐकण्यासाठीं लोक गर्दी करीत. येथें तो जवळजवळ गप्प आहे. गायकाची ओळ संपली कीं तो दोन-चार स्वरांचें उत्तर देतो आणि बाजूला होतो. बटरफील्डवरचा भार याहून अवघड. ज्या जागेवर तो उभा होता ती लिटल वॉल्टरची जागा होती, आणि त्याला जाऊन अवघें सव्वा वर्ष झालें होतें. त्यानें वॉल्टरची नक्कल केली नाहीं, आणि त्याला विसरूनहि तो वाजविला नाहीं. श्वासाचा जोर आणि मायक्रोफोनचा भरडा घुमारा वॉल्टरचा ठेवून त्यानें वाक्यें मात्र स्वतःचीं रचलीं. या सर्वांना सांधणारा दुवा स्पॅन होता. सोळा-सतरा वर्षें मडीच्या उजव्या हाताप्रमाणें वागलेल्या या पियानोवादकाच्या बोटांत त्या गाण्यांचा सारा इतिहास होता, आणि मुलें कोठें घसरूं लागलीं तर तोच त्यांना लयींत ओढून आणी.

चौथ्या दिवशीं, २४ एप्रिल रोजीं, शिकागोच्या ऑडिटोरियम थिएटरांत या मेळ्याचा जलसा झाला. ॲडलर आणि सलिव्हन या वास्तुशिल्पज्ञांनीं उभारलेलें हें भव्य नाट्यगृह १८८९ सालीं उघडलेलें. शिकागोच्या धनिकांनीं तें आपल्या ऑपेरासाठीं बांधविलें होतें. त्या रंगमंचावर स्टोव्हॉल मळ्यांतला ट्रॅक्टरवाला बसला, बोटांत नळी चढविली आणि ‘लाँग डिस्टन्स कॉल’ हें १९५१ सालचें आपलें गाणें संथपणें सुरू केलें. शेवटीं ‘गॉट माय मोजो वर्किंग’ हें त्याचें गाजलेलें गाणें झालें तेव्हां श्रोते आवरेनात. तें पुन्हा म्हणावें लागलें, आणि त्या खेपेस ढोलांवर बडी माइल्स हा एकवीस वर्षांचा कृष्णवर्णीय वादक बसला. ‘पुत्र’ म्हणजे केवळ गोरीं मुलें असा या नांवाचा अर्थ पुष्कळांनीं केला. सॅम ले आणि बडी माइल्स यांच्याकडे पाहिलें म्हणजे तो अपुरा असल्याचें दिसून येतें.

ऑगस्ट १९६९ मध्यें संच बाहेर पडला. एका तबकडींत स्टुडिओंतलें काम, दुसरींत जलशांतलें. वेष्टनावर मायकेलअँजेलोच्या ‘आदमाची निर्मिती’ या चित्राचें विनोदी रूपांतर होतें: प्राण देणारा देव कृष्णवर्णीय, आणि तो स्वीकारणारा आदम गोरा. बिलबोर्ड नियतकालिकाच्या यादींत तो ७० व्या क्रमांकापर्यंत चढला. मडीच्या कोणत्याहि तबकडीला तोंपर्यंत सर्वसाधारण बाजारांत इतकें यश मिळालें नव्हतें.

यशामागोमाग संकटें आलीं. लेनर्ड चेसनें कंपनी त्याच वर्षीं विकली होती. १६ ऑक्टोबर रोजीं तो हृदयविकारानें वारला. त्याच महिन्याच्या अखेरीस मोटारीच्या भीषण अपघातांत मडी जबर जखमी झाला आणि कित्येक महिने त्याला हिंडतां-फिरतां आलें नाहीं. ओटिस स्पॅन २४ एप्रिल १९७० रोजीं, म्हणजे त्या जलशाला बरोबर एक वर्ष झालें त्या दिवशीं, कर्करोगानें मरण पावला. त्याच्या थडग्यावर १९९९ पर्यंत नांवाचा दगडहि नव्हता.

राहतां राहिला हिशेबाचा प्रश्न. मडीनें आणि विली डिक्सन या त्याच्या गीतकारानें १९७६ सालीं, ज्या आर्क म्यूझिक नांवाच्या संस्थेकडे त्यांच्या गाण्यांचे हक्क होते, तिच्यावर मानधनासाठीं दावा लाविला. त्या संस्थेंत चेस बंधूंची भागीदारी होती. दावा न्यायालयाबाहेर मिटला आणि गाण्यांवरील हक्क कर्त्यांकडे यथावकाश परत येण्याची वाट मोकळी झाली. तिकडे मानसपुत्रांचा ओघ चालूच होता. १९७५ सालीं बटरफील्ड पुन्हा त्याच्याबरोबर वुडस्टॉकच्या तबकडींत वाजविता झाला. १९७७ सालीं जॉनी विंटर या टेक्ससच्या गोऱ्या गिटारवादकानें ‘हार्ड अगेन’ ही त्याची तबकडी काढून दिली, आणि या दोन्ही तबकड्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळालें. वयाच्या साठीनंतर मडीला जें स्वास्थ्य आणि जो मान लाभला, त्यांत या मुलांचा वांटा मोठा होता.

तरीहि हा हिशेब पूर्ण जमतो असें म्हणवत नाहीं. मडीकडून विद्या घेऊन कित्येक गोऱ्या वादकांनीं अल्पावधींत जी संपत्ति मिळविली, ती त्याला उभ्या आयुष्यांत मिळाली नाहीं. आणि हा दोष एकेका शिष्याचा नसून, एकाच गाण्याला गायकाच्या वर्णाप्रमाणें निराळें मोल देणाऱ्या बाजाराचा होता. बटरफील्ड आणि ब्लूमफील्ड यांना याची जाणीव होती, म्हणूनच कीर्तीच्या शिखरावर असतां ते त्याच्या मागें बसून वाजवावयास आले. ब्लूमफील्ड फेब्रुवारी १९८१ मध्यें सदतिसाव्या वर्षीं गेला. मडी ३० एप्रिल १९८३ रोजीं झोपेंतच निवर्तला. बटरफील्ड १९८७ मध्यें चव्वेचाळिसाव्या वर्षीं गेला. डक डन २०१२ पर्यंत आणि सॅम ले २०२२ पर्यंत हयात होते. ‘पिते आणि पुत्र’ हा संच आजहि मिळतो. त्यांत मडी पहिली ओळ म्हणून थांबतो, आणि त्या रिकाम्या जागेंत ब्लूमफील्ड थोडेच स्वर वाजवून पुन्हा त्याच्यासाठीं जागा मोकळी करतो, हें आजच्या श्रोत्यालाहि स्पष्ट ऐकूं येतें.